डाव्या कानाची खूण

हातात सार्डिन मासळीचं डोकं धरून डॉक्टर शहीरा एका अर्धवट बांधलेल्या बोटीखाली पोटावर सरपटत होती. "बिस बिस… ये गं… बिस बिस…" असं तिचं चाललेलं असतानाच वरून आवाज आला, "बोट घ्यायची असेल तर लोक साधारण वरून बघतात!"

तिने मान वळवली. फळ्यांच्या फटीतून दोन हसरे डोळे दिसले, आणि भुसा अडकलेली मिशी.

"मला बोट नकोय. मांजर हवंय."

"मांजर बोटीबरोबरच मिळतं. सुटं विकत नाही आम्ही."

हसू आवरता आवरता शहीराचं डोकं फळीवर आपटलं, हातातली मासळी पडली आणि एका बोक्याने ती पळवली. वरचा माणूस धावत खाली आला. तिला टेंगूळ आलं होतं. त्याने माठातलं गार पाणी रुमालावर ओतून पुढे धरलं… आणि रुमाल देताना उगाचच लाजला.

हा याकूत. अलेक्झांड्रियाच्या अनफुशी किनाऱ्यावर लाकडी बोटी बांधणारी त्याची तिसरी पिढी. शहीरा एका छोट्या संस्थेची जनावरांची डॉक्टर. किनाऱ्यावर तिचा फिरता दवाखाना, म्हणजे एक जुनी गाडी, उभी असायची. भटक्या कुत्र्यामांजरांना रेबीजची लस टोचायची, जंताचं औषध द्यायचं, माद्यांना पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करायचं. सगळं झालं की मांजर भुलीत असतानाच ती त्याच्या डाव्या कानाचं टोक जरासं कापायची. तो कान दिसला की त्या मांजराला पुन्हा कुणी पकडत नसे.

"आजारी पडल्यावर बघा की," याकूत म्हणाला. "धडधाकट जनावरांच्या मागे का लागलाय?"

"तुम्ही बोटीच्या फटी कधी बुजवता? बुडायला लागल्यावर?"

याकूतने दोन्ही कान पकडले. "चुकलो डॉक्टर. बुजवा तुमच्या फटी."

बोटींच्या कारखान्यातली सगळी जनावरं एका सकाळीही आणता आली असती. पण याकूत रोज एकच आणायचा. का, तर म्हणे एकत्र आणली की भांडतात! त्याच्या खिशात मात्र भाजलेलं रताळं असायचं, आणि ते मोडताना मोठा तुकडा न चुकता शहीराच्या हातात यायचा. हिवाळ्याची बारीक पावसाची झड लागलेली, समोर राखाडी समुद्र, हातात गरम रताळं… शहीराला आता सकाळी उठायला गजर लागत नव्हता.

एकदा तो सुलतानला घेऊन आला. सुलतान म्हणजे कारखान्याचा राखणदार कुत्रा. भुंकला की गल्ली रिकामी व्हायची. पण सुई बघताच त्याने याकूतच्या काखेत तोंड खुपसलं. याकूतनेही तोंड फिरवलं.

"तुम्ही कुठे बघताय?" शहीराने विचारलं.

"सुईकडे बघितलं की मला घेरी येते."

"मग माझ्याकडे बघा."

"तरी येतेच…" तो हळूच म्हणाला. "पण ती बरी वाटते."

शहीराने सुई टोचली आणि तोंड फिरवून कापूस शोधू लागली. कापूस तिच्या हातातच होता.

होता होता सगळे कान कापून झाले. उरली एकटी मिस्क, करड्या रंगाची, मोठ्या डोळ्यांची मांजरी. शहीराने तिच्या पाठीवरून हात फिरवला तर हाताला नुसती हाडं लागली. मागच्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती.

"आणखी एक वेत झालं तर ही जगायची नाही, याकूत. आत्ता गाभण नाहीये. आजच ऑपरेशन करू."

याकूतचा चेहरा उतरला. "हिचं नको, डॉक्टर."

मग त्याने सांगितलं. आजोबांपासूनचा रिवाज होता. नव्या बोटीत मांजर व्याली, की मगच ती बोट पाण्यात उतरायची. जिच्यात पिल्लं झाली ती बोट घरी परत येते, असं किनारा मानायचा. म्हाताऱ्या नाखवा हसनैनची बोट तयार होती, नुसती पिल्लांसाठी अडली होती.

"दुसरी मांजरी नाही?"

"बाकी सगळ्यांचे कान तुम्हीच कापलेत!" तो कसंनुसं हसला. "पिल्लांशिवाय बोट दिली तर नाखवा घेणार नाही. लोक म्हणतील, याकूतने आजोबांचं नाव घालवलं."

"आणि मिस्क गेली तर काय म्हणतील?"

याकूतने मिस्कला उचलून घेतलं. हा माणूस शहीराला आवडला होता, फार आवडला होता. पण लोकांच्या तोंडाला भिऊन जो एका मुक्या जिवाला मरू देईल, त्याच्या हातात आपला हात ती कसा देणार?

"गुरुवारपर्यंत आहे मी इथे," ती एवढंच म्हणाली. "मग गाडी रशीद गावाला जाते."

त्यानंतर तो आला नाही. रताळंवाला रोज गाडीपुढून ओरडत जायचा; शहीरा खिडकी लावून घ्यायची.

गुरुवारी पाऊस चांगलाच लागला. ती सामान आवरत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. याकूत उभा होता… नखशिखांत भिजलेला, अंगात नुसता सदरा. हातात टोपली, टोपलीत त्याचं जाकीट, आणि जाकिटात कोरडी ठणठणीत मिस्क.

"कापा," तो म्हणाला.

"नाखव्याला विचारलंत?"

"विचारणार नाही, सांगणार आहे. बोट पडून राहिली तर राहू दे. दोन दिवस ही पायाशी येऊन झोपत होती, डॉक्टर… माझ्याच्याने होईना."

शहीराने वळून हात धुवायला घेतले. डोळे पुसायला दुसरं निमित्त नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. मिस्क शुद्धीवर येत होती, तेवढ्यात नाखवा हसनैन याकूतला शोधत छत्री घेऊन आला. याकूतने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि खाली मान घालून उभा राहिला.

"म्हणजे… पिल्लांसाठी थांबायचं नाही?" नाखव्याने विचारलं.

"नाही, काका."

"अल्लाची कृपा!" म्हातारा ओरडला. "अरे, जन्मभर थांबतोय मी! प्रत्येक बोटीला निम्मा हंगाम बुडायचा. तुझ्या आजोबांचा रिवाज, त्यांना वाईट वाटू नये म्हणून तोंड दाबून बसायचो!"

याकूतने मान वर केली. "आजोबा तर म्हणायचे, नाखव्यांचा हट्ट आहे म्हणून…"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. भिडेभिडे पोट वाढतं म्हणतात; इथे ते बिचाऱ्या मांजरींचं वाढत होतं. शहीराला इतकं हसू आलं की तिला टेबल धरावं लागलं. डोळे पुसत म्हातारा बाहेर छपराखाली जाऊन उभा राहिला.

आत पावसाचा आवाज तेवढा राहिला. याकूत मिस्कच्या डाव्या कानाकडे बघत होता.

"आता हिला कुणी पकडणार नाही ना?"

"नाही. खूण झाली."

"मग मलाही एक खूण करून टाका, डॉक्टर. आई रोज नवी मुलगी दाखवते… उगाच दुसरं कुणी पकडायचं."

शहीराचे हात थांबले. "कान कापू?"

"कान तर पहिल्याच दिवशी पकडलेत मी तुमच्यापुढे." त्याचा आवाज एकदम खाली आला. "अंगठी चालेल… तुमची हरकत नसेल तर."

तिने त्याच्याकडे बघितलं. मिशीत आजही भुसा होता, पावसाने चिकटलेला.

"मिस्क आज माझ्याकडे राहील," ती सावकाश म्हणाली. "उद्या शुक्रवारची सुट्टी, गाडी परवाच निघेल; बाबाही घरीच असतात. हिला न्यायला या… येताना आईंना घेऊन या."

"मांजर न्यायला आई कशाला?"

"अरे गाढवा, हो म्हणाली ती!" बाहेरून नाखव्याचा आवाज आला.

याकूतने एकदा दाराकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग काही न सुचून तो तसाच पावसात निघाला.

"जाकीट राहिलं तुझं!" शहीराने हाक मारली.

तो वळला, भिजत, हसत. "राहू दे तिच्या अंगाखाली. उद्या नेतो… दोघींना विचारून."