निरीक्षकांच्या नावाची चिठ्ठी

किल्ल्या आधी मोजून घ्या. अकरा आहेत. दिवा जरा तुमच्याकडे सरकवते. या खोलीला खिडकी नाही, भर दुपारी बाराला सुद्धा दिवा लावावा लागतो, त्याची सवय करून घ्या. नगरपालिकेचं दफ्तर म्हटलं की लोकांना धूळ आठवते. पण या शहराचं जे काही आहे, ते सगळं या बेचाळीस कपाटांत आहे. पहिला दवाखाना, पहिला अग्निशमनाचा बंब, वाचनालय, अनाथगृह, सगळं. कोण जन्मलं आणि कोण गेलं, त्याच्या नोंदवह्या त्या मागच्या भिंतीला.

इथला नियम एकच. कुणी गठ्ठा बाहेर नेला, की त्याच्या जागी चिठ्ठी ठेवायची. गठ्ठ्याचा क्रमांक, नेणाऱ्याचं नाव, तारीख. गठ्ठा परत आला की नेणाऱ्याला समोर उभं करायचं आणि त्याच्यादेखत चिठ्ठी फाडायची. तो समोर नसेल तर चिठ्ठीला हात लावायचा नाही. मला ज्यांनी चार्ज दिला ते म्हणायचे, चिठ्ठी आहे तोवर तो माणूस दफ्तराला बांधलेला. मला वाटायचं, म्हातारा उगाच कामाचं स्तोम माजवतोय.

एवढं ऐकून सही केलीत तरी चालेल. पण मागच्या दोन महिन्यांत इथं काय झालं ते सांगितल्याशिवाय किल्ल्या हातात देणं मला बरं वाटत नाही. चहा घ्या, निवतोय.

नगरपालिकेला दीडशे वर्षं झाली, म्हणून शहराचा आणि इथल्या सार्वजनिक संस्थांचा इतिहास काढायचं ठरलं. मी इथं सव्वीस वर्षं काढलीत. कुठल्या वर्षी कुठल्या गल्लीत नळ आला, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. माझ्या टिपणांच्या एकोणीस वह्या आहेत. साहेबांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता ते काम माझ्या हातात पडणार. केस विंचरून गेले हो मी. साहेब म्हणाले, "इतिहास तुमच्या धाकट्या बहिणीला लिहायला दिलाय. प्राध्यापक आहेत, नाव आहे त्यांचं. तुम्ही लागेल ती मदत करा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला सांगू? धाकटीबद्दल माया आहे मला. आई गेल्यावर तिच्या वेण्या मीच घातल्या. पण लहानपणापासून हेच. अभ्यास मी घ्यायचा आणि बक्षीस तिने आणायचं. मी नोकरी धरली म्हणून ती शिकू शकली, आणि आज लोक मला ओळखतात ते 'बाईंची मोठी बहीण' म्हणून. या शहराच्या इतिहासात माझं नाव यावं, एवढं एकच मी मागत होते. तेही तिनेच नेलं, आणि तेसुद्धा न मागता.

पहिल्याच दिवशी ती येऊन त्या समोरच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "ताई, पाणीखात्याचा पहिला गठ्ठा दे. सगळी सुरुवात तिथूनच आहे ना?"

बरोबर बोलली, तेच तर दुखणं. पटकीच्या साथीत निम्मं शहर आजारी पडलं, म्हणून पाणी आणलं, पाणी आलं म्हणून दवाखाना चालला, आणि मग बाकीच्या संस्था एकामागून एक उभ्या राहिल्या. तो गठ्ठा नसेल तर इतिहासाला पायाच नाही. मी म्हटलं, उद्या काढून ठेवते. ती गेल्यावर गठ्ठा काढला आणि जन्मनोंदींच्या कपाटात, अगदी तळाला, वह्यांच्या मागे घातला. दफ्तरात कागद हरवायला तो जाळावा लागत नाही, दुसऱ्या कपाटात ठेवला की झालं.

मग जुन्या कोऱ्या चिठ्ठ्यांतली एक घेतली, पिवळी पडलेली. तिच्यावर पाणीखात्याच्या पहिल्या निरीक्षकांचं नाव लिहिलं आणि नव्वद वर्षांपूर्वीची तारीख घातली. निरीक्षक का, ते सांगते. या शहराच्या नळांचा पहिला नकाशा त्या माणसाने पायी फिरून काढला होता. कोनशिलेवर नाव मात्र वरच्या अभियंत्याचं कोरलं गेलं. त्यांचं एक पत्र त्याच गठ्ठ्यात आहे, "अहवालात माझा उल्लेख व्हावा." त्याला उत्तर नाही. ते पत्र मी कितीदा वाचलं असेल. मला तो माणूस आपला वाटायचा.

दुसऱ्या दिवशी धाकटीला चिठ्ठी दाखवली. म्हटलं, नव्वद वर्षांपूर्वी नेलाय, परत आणलेला नाही, आता कुठं शोधणार? तिने चिठ्ठी दिव्याजवळ धरून बराच वेळ पाहिली. रात्री मला छान झोप लागली.

पुढचे चार दिवस ती येत होती आणि लिहीत होती. खाली मान घालून, भराभरा. माझ्या मनात आलं, गठ्ठ्याशिवाय ही लिहितेय तरी काय? पाचव्या दिवशी चहा द्यायच्या निमित्ताने मागे जाऊन उभी राहिले. पहिल्या नळाची खोली, जमिनीखालच्या गाळणीची लांबी-रुंदी, मजुरांची गाणी. यातलं निम्मं तर गठ्ठ्यात पण नव्हतं.

"हे कुठून आणलंस?" मी विचारलं.

"निरीक्षक सांगतात," ती म्हणाली. मान वर न करता. "तीन वाजता येतात ते... तू दिसत नाहीस का त्यांना, असं मी विचारलं. ते हसले फक्त."

मला वाटलं थट्टा करतेय. ती गेल्यावर जन्मनोंदींचं कपाट उघडलं, तळातल्या वह्या बाहेर काढल्या. मागे काही नव्हतं. फळी मात्र ओली होती आणि तुरटीचा वास येत होता. जलशुद्धीकरण केंद्रात गेला असाल तर तुम्हाला तो वास माहीत असेल. ओला चुना आणि तुरटी.

आता तुम्ही म्हणाल, बाई घाबरली असेल. घाबरले तर होतेच. पण त्याहून मोठी आग दुसरीच होती. चिठ्ठी कुणी लिहिली? मी. त्यांचं पत्र कुणी वाचलं? मी. त्यांच्यासाठी जीव कुणाचा तुटत होता? आणि आलेला माणूस जाऊन बसला कुणासमोर, तर तिच्या! जिवंत माणसं तिची, ते मी सोसलं. मेलेलं माणूसही तिलाच?

रोज तीनला बरोबर तिच्या समोरची खुर्ची थोडी मागे सरकायची. फरशीवर ओल्या बुटांचे दोन ठसे दिसायचे. ती प्रश्न विचारायची, थांबायची, मान डोलवायची, लिहायची. मध्येच हसायची. मी इथं या टेबलामागे बसून कान टवकारायची, तर मला दिव्याची घरघर तेवढी ऐकू यायची. एकदा ती लवकर गेली तेव्हा मी स्वतः जाऊन त्या खुर्चीसमोर बसले. म्हटलं, "निरीक्षक, मीच बोलावलंय तुम्हाला. माझ्याशी बोला ना..." तासभर बसले. वास सुद्धा आला नाही.

पंधरा दिवसांत धाकटी उतरली. गालफडं बसली. बोटांची कातडी सुरकुतली, तासन्‌तास पाण्यात हात ठेवल्यासारखी. केस सदा दमट. तिच्या नवऱ्याचा फोन आला. मेहुणे माझे सरळ माणूस. म्हणाले, "ताई, ती जेवत नाही हो. तुमचं ऐकते ती, काहीतरी करा."

काय करायचं ते मला माहीत होतं. गठ्ठा टेबलावर येऊ द्यायचा आणि निरीक्षकांसमोर, तिच्यादेखत, चिठ्ठी फाडायची. म्हणजे ती मीच लिहिली होती हे सांगायचं. सव्वीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे होऊ न देणारी मी, बहिणीवर जळून खोटी चिठ्ठी लिहिली, हे तिच्या तोंडावर म्हणायचं. मी आठ दिवस घालवले. लाजेने घालवले असं म्हटलं तर तुम्हाला पटेल. पण दिव्यासमोर बसून खोटं बोलवत नाही. मला आशा होती, एखाद दिवशी ते वळून माझ्याशी एक तरी शब्द बोलतील. तेवढ्यासाठी मी तिला वाळू दिलं.

नवव्या दिवशी ती खोकली तेव्हा रुमालात पाणी पडलं. रक्त नव्हतं, पाणी. स्वच्छ. मग मात्र मी उठले. तीन वाजून गेले होते, खुर्ची सरकलेली होती. चिठ्ठी घेऊन टेबलाशी गेले.

"ही मी लिहिलीय," मी म्हटलं. "गठ्ठा मीच लपवला होता. तुझ्यावर जळत होते मी."

धाकटीने पेन खाली ठेवलं. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. त्यांनीच सांगितलं. म्हणाले, तुझ्या बहिणीचे उपकार आहेत माझ्यावर." मग हळूच म्हणाली, "ताई, तू सांगशील कधीतरी, याची वाट बघत होते गं मी."

माझे डोळे भरून आले. ते पुसायच्या नादात मी फार विचार केला नाही. रिकाम्या खुर्चीला म्हटलं, "निरीक्षक, गठ्ठा परत करा." टेबलावर काहीतरी धप्पकन पडलं. गठ्ठाच होता, ओलाचिंब, कडेने पाणी निथळत होतं. मी चिठ्ठी त्या दोघांच्या देखत फाडली. चार तुकडे केले.

खुर्ची मागे सरकली. पावलं ऐकू आली, आयुष्यात पहिल्यांदा मला ऐकू आली. जड, ओली. मी पाणीखात्याच्या कपाटाकडे बघत उभी होते, तिथंच जातील म्हणून. पावलं तिकडे गेलीच नाहीत. ती दाराकडे गेली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली आणि बाहेर पडली, जिन्यावरून खाली, रस्त्याकडे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिठ्ठी आहे तोवर माणूस दफ्तराला बांधलेला असतो. मी समजत होते, चिठ्ठी फाडली की ते परत कागदात जातील. इतकी वर्षं हे काम केलं आणि एवढी साधी गोष्ट उलटी धरली. चिठ्ठी फाडतात ती गठ्ठ्याला सोडवायला नव्हे. नेणाऱ्याला मोकळं करायला.

धाकटीने वही उचलली, पदर सावरला आणि त्यांच्या मागोमाग गेली. तेव्हापासून ती इथं आली नाही.

रविवारी मी तिच्या घरी गेले. मेहुण्यांनी दार उघडलं, बोटाने आतली खोली दाखवली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. घरभर तुरटीचा वास होता. खोलीचं दार लावलेलं. मी कान लावला.

आवाज ऐकू आला मला. बारीक, पुरुषी, सरकारी अहवाल वाचून दाखवल्यासारखा. तो सांगत होता आणि आत पेन चालत होतं. पाणीखातं केव्हाच मागे पडलं होतं. दवाखाना झाला, बंब झाला, वाचनालय झालं. मग नदीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयाचं सुरू झालं. तुम्ही पाहिलंयत ना ते? अजून पायाच्या वर आलेलं नाही. आत मात्र ते उघडलं होतं, चाललं होतं आणि बंदही पडलं होतं...

मी दारावर टकटक करणार, तेवढ्यात तो दफ्तरावर आला. म्हणाला, "त्या काळी दफ्तर सांभाळणाऱ्या बाई कामावर असतानाच वारल्या." तारीखही सांगितली. धाकटीने लिहून घेतलं. तिचं पेन क्षणभरही अडखळलं नाही हो.

तारीख परवाची आहे. चार्ज महिनाअखेरीला द्यायचा होता, तो आज देतेय त्याचं कारण हेच. परवा मी कामावरच नसेन, मग वाक्य आपोआप खोटं पडेल, असा माझा विचार. पडेल की नाही, बघू. तुम्ही घाम पुसा. भीती मला त्या तारखेची वाटत नाही. माझा जीव जळतोय तो वेगळ्याच गोष्टीने. सव्वीस वर्षं, एकोणीस वह्या, आणि मला एक ओळ. नावसुद्धा नाही, नुसतं 'बाई'.

आणि मग धाकटीने विचारलं, "त्यांच्यानंतर कोण आलं?"

तो थांबला नाही. तुमचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. त्या दिवशी तुमची नेमणूक झालेली पण नव्हती. काय सांगितलं ते मला विचारू नका, माझं लक्षच नव्हतं. मी दाराबाहेर उभी राहून रागाने पानं उलटल्याचे आवाज मोजत होते. कालपरवा आलेल्या माणसावर इतकं?

सही इथं करा. धाकटीने दोनदा पान उलटलं.