गुलाबी मूग

विनता मुगाचं एकेक रोप उपटून मुळं न्याहाळत होती. मामेभाऊ तनय बांधावर बसून मोबाईलवर खेळत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला मामाकडे, जबलपूरजवळच्या पाटणला येऊन चार दिवस झाले, पण दोघांचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे सरकलं नव्हतं.

आई तिला बस स्टँडवरच सोडून जबलपूरला परतली होती, कारण रामरावमामांशी तिचं बिनसलं होतं. आई प्रयोगशाळेत एक बुरशी वाढवायची. ही बुरशी पिकाच्या मुळांत राहते, मातीत अडकलेलं फॉस्फेट लांबून ओढून आणते आणि बदल्यात रोपाकडून साखर घेते. तिची भुकटी आईने भावाला पाठवली. ती घालूनही मूग काही जोर धरेना, तेव्हा मामा चारचौघांत म्हणाले, बहिणीने राख पाठवली! तेव्हापासून आई इथे फोन केला तरी दोन मिनिटांत ठेवायची. एवढ्या मोठ्या घरात विनताला फार एकटं वाटायचं.

दुपारी कोठीत तिला उरलेल्या बियाण्याचं पोतं सापडलं. हात घातला, तर बोटं गुलाबी झाली.

“तनय, हे मूग असे काहून?”

“दवाई लावली ना. बाबा हर साल लावतात, बुरशी लागू नये म्हणून.”

बोलता बोलता तो थांबला. बुरशी मारायचं औषध लावायचं आणि वर बुरशीच पेरायची! मोबाईल खिशात गेला.

दोघांनी जाऊन सांगितलं, पण मामांनी हसण्यावारी नेलं. मग दोघांनी विहिरीमागे दोन ओळी पेरल्या. आईची उरलेली भुकटी दोन्हींत, पण एकीत गुलाबी मूग, दुसरीत साधे. कधी तनय मित्रांकडे पळायचा, त्या दिवशी विनता एकटीच बादल्या वाहायची आणि रोपांशी बोलायची.

जूनमध्ये साधी ओळ गुडघ्याजवळ आली, गुलाबी घोट्यापाशीच राहिली. मामा दोन्ही ओळींच्या मधे उकिडवे बसले.

“पोरगी मायवर गेली. माझ्याहून शहाणी,” म्हणत त्यांनी स्पीकरवर फोन लावला. “राजश्री, राख नव्हती ती. मीच मारली तुझी बुरशी.”

विनताला वाटलं, आई आता फोन ठेवणार. पण आईने हळूच विचारलं, पाटणची पहिली बस किती वाजता असते?

“बस काहून? मी येतो ना घ्यायला. पण आधी चौकात जातो. चारचौघांत बोललो होतो, चारचौघांतच सांगतो.”

मामा चपला घालून निघालेसुद्धा. विनता विहिरीमागे बसून पोटभर रडली, आणि तनय तिच्याजवळ बसून राहिला.