थर्लो नावाचे दोघे

"अहो, थांबा! दात आहेत का ते, ब्रश मारायला?"

मी ओरडले तेव्हा तो गृहस्थ गुडघ्यांवर बसून, जिभेचं टोक ओठात धरून, एका थडग्यावरचं शेवाळ टूथब्रशनं खरवडत होता. दुपारचा एक वाजला होता. डोंगरावरून आमचा तो कोरडा, गरम वारा सुटला होता – ज्यात मार्ल्डन गावची माणसं उगीचच भांडतात आणि मग खापर वाऱ्यावर फोडतात. माझी टोपी दोनदा उडाली होती. थडग्यांवरची नावं वहीत उतरवायला मी जेवणाच्या सुट्टीत तिथं आले होते. वाचनालयाच्या माडीवर जुन्या नोंदींचा विभाग आहे. तिथं मी काम करत असे.

त्यानं वर पाहिलं. डोळे राखाडी. एकात धूळ गेलेली, म्हणून तो डोळा मिचकावतोय असं वाटलं.

"मी... साफ करत होतो. हे माझे खापरपणजोबा आहेत."

"या मिस ऑगस्टा थर्लस्टन आहेत," मी म्हटलं. "रविवारच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलं. लग्न केलं नाही. त्या तुमच्या खापरपणजोबा निघाल्या, तर आज संध्याकाळी गावात दुसरा विषय नसेल."

तो आधी कानापर्यंत लाल झाला. मग हसायला लागला – आवाज न करता, नुसते खांदे हलवत. हातातल्या टूथब्रशकडे पाहत म्हणाला, "आणि हा माझा एकुलता एक ब्रश होता."

मी सव्वीस वर्षांची होते. एवढ्यावर भाळायला मला खरं तर लाज वाटायला हवी होती.

त्याचं नाव ह्यू थर्लो. इंग्लंडात सफोकमध्ये त्याचं लाकूडकामाचं छोटं दुकान होतं, टेबलं-खुर्च्या करायचा. दोन महिन्यांसाठी न्यूझीलंडला आला होता, तो फक्त एका माणसाचा छडा लावायला. दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवर येऊन त्यानं माझ्यासमोर एक जुनं, घड्यांवर विरलेलं पत्र ठेवलं. १८७५ सालचं. एबेनेझर थर्लो नावाच्या चाककऱ्यानं, म्हणजे गाड्यांची चाकं बनवणाऱ्या सुतारानं, मार्ल्डनहून बायकोला लिहिलेलं. 'तबिथा, इथे लाकूड चांगले आहे व काम भरपूर. घर उभे राहिले की तुला व वॉल्टरला बोलावतो.'

"यानंतर एक ओळ नाही," ह्यू म्हणाला. "वॉल्टर तेव्हा तीन वर्षांचा. माझे पणजोबा ते. शेवटपर्यंत बापाचं नाव काढलं नाही त्यांनी. आमच्याकडे कुणी शब्द मोडला ना, तर अजून म्हणतात – 'एबेनेझर झालास होय रे?'"

"मग शोधताय कशाला?"

"सापडला की तोंडावर सांगायचंय."

"मेलेल्या माणसाला?"

"थडग्याला तरी," तो म्हणाला. "म्हणून तर आधी साफ करत होतो."

माझ्या वरिष्ठ ऑलवुडबाई कपाटाआडून सगळं ऐकत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "ग्लेनिस, कालपर्यंत केसांना पेन्सिल खोचून यायचीस. आज रिबीन?"

"वारा आहे ना बाई."

"खिडक्या बंद आहेत," बाई म्हणाल्या आणि पुन्हा कपाटाआड गेल्या.

मग रोजचंच झालं. तो सकाळी यायचा, आम्ही जुन्या वर्तमानपत्रांच्या फिल्मा यंत्रावर सरकवत बसायचो. अंधाऱ्या खोलीत एकच उजळलेला पडदा, त्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या मेंढ्यांचे भाव आणि चर्चमधल्या चहापानाच्या बातम्या. पडद्याकडे बघायला दोघांना जवळ बसावं लागे. त्याच्या बाहीला लाकडाच्या भुश्शाचा वास यायचा – हजारो मैलांवरून आला तरी तो गेला नव्हता.

एबेनेझर थोडाथोडा सापडत गेला. जहाजाच्या यादीत नाव. गावाच्या करपट्टीच्या वहीत – 'चाककरी, टली रस्ता.' शेवटी एका जुन्या नकाशावर त्याचं घर.

"हे अजून उभं आहे," मी म्हटलं. "मोरिसनांचं गवत ठेवतात तिथं."

त्यानं माझा हात धरला. आनंदानंच. पण सोडायचा विसरला – आणि मीही आठवण केली नाही.

रविवारी माझ्या खटारा मॉरिस गाडीतून आम्ही गेलो. निम्म्या वाटेत वारा फिरला आणि दक्षिणेकडून थंडगार पाऊस चालून आला. भिजत, धावत आत शिरलो. गवताच्या गठ्ठ्यांचा उबदार वास. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की बोलायला कानाशी तोंड न्यावं लागे... ते काही वाईट नव्हतं.

ह्यू दाराची चौकट चाचपत होता. "बघ," तो माझी बोटं दोन लाकडांच्या सांध्यावर फिरवत म्हणाला, "खिळा नाही कुठं. असा सांधा आमच्याच भागात करतात. मला वडिलांनी शिकवला, त्यांना त्यांच्या वडिलांनी..." तो थांबला. "हा माणूस चांगला सुतार होता, ग्लेनिस."

"चांगले सुतार वाईट नवरे असू शकतात."

"चांगले सुतार चांगले प्रियकर असू शकतात का?"

"नमुना बघावा लागेल," मी म्हटलं.

नमुना त्यानं लगेच दाखवला. माझ्या नाकावरून पाण्याचा थेंब त्याच्या ओठांवर पडला, आणि आम्ही दोघंही इतके हसलो की पहिलं चुंबन अर्धवटच राहिलं. दुसरं नाही राहिलं.

आतल्या खोलीत गेलो तेव्हा त्याचं हसू मावळलं. घराला चार खोल्या होत्या, आणि शेवटच्या खोलीत भिंतीतच बसवलेला एक पलंग होता. लहान. तीन-चार वर्षांच्या मुलाला पुरेल एवढा. कडा हातानं घासून गुळगुळीत केलेल्या, पोराला लागू नयेत म्हणून.

"दुसरा संसार थाटला होता त्यानं," ह्यू म्हणाला. आवाज एकदम परका. "पोरगंही होतं. तिकडे माझे पणजोबा वाट बघताहेत आणि हा इथं दुसऱ्या पोरासाठी पलंग घासतोय."

"लग्नाची नोंद कुठं नाही. मुलाचीही नाही. क्राइस्टचर्चला त्याच्या मालमत्तेची फाइल असेल, ती मागवते मी. तोवर—"

"पुरावा समोर आहे. असली माणसं मला समजतच नाहीत, ग्लेनिस. येतो म्हणायचं, बोलावतो म्हणायचं... कसं जमतं?"

मला त्याचा तो संताप फार आवडला. वाटलं, असा संतापणारा माणूस स्वतः कधी तसं करणार नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. ज्याचे तसे गेलेत त्याला ठाऊक आहे. एकदा मी विचारलं होतं, "घरी कोण असतं वाट बघणारं?"

"एक अर्धवट राहिलेलं कपाट," तो म्हणाला.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी तिमारूच्या स्टेशनवर मी त्याला सोडायला गेले. तो मला घट्ट धरून म्हणाला, "ईस्टरला येतो. दुकान गडी सांभाळतील. नाहीतर तूच ये, तिकीट पाठवतो. पोचलो की लगेच पत्र."

"नक्की?"

"मी थर्लो आहे, पण त्यातला नाही," तो म्हणाला.

पत्रं आली. पहिलं सात पानांचं – माझ्यासाठी खुर्ची करतोय, तिच्या पाठीला माझ्या पाठीचा बाक देतोय, असलं काहीबाही. दुसरं चार पानांचं. जानेवारीत एक, त्यात हवामान फार होतं. फेब्रुवारीत चित्राचं कार्ड. मग काही नाही.

ईस्टर आला आणि गेला. मी दोन पत्रं टाकली. एक विनोदी, एक अजिबात विनोदी नसलेलं. दुकानात फोन लावला, तर कुणी बाईनं उचलला. मी लगेच ठेवून दिला. टपाल आलं की ऑलवुडबाई स्वतः खाली जाऊ लागल्या, आणि वर आल्यावर माझ्याकडे न बघता पत्रं वाटू लागल्या.

मे महिन्याच्या शेवटी क्राइस्टचर्चहून फाइल आली. एबेनेझर थर्लो, मृत्यू १८८९, नदी ओलांडताना बुडून. एकटाच राहत असे. अवजारं, एक घोडी, चार खोल्यांचं घर. वारसांना कळवलं, उत्तर नाही. आणि तळाशी, घरात सापडलेल्या कागदांत, फितीनं बांधलेलं तबिथाचं पत्र. १८७७ सालचं.

मी ते खिडकीशी उभं राहून वाचलं.

'एबेनेझर, तुझी तिकिटे पोचली. मी लोस्टॉफ्टला जाऊन समुद्र पाहून आले. त्यावर पोराला घालायची माझी छाती होत नाही. आईला अंथरुणावर टाकून निघताही येत नाही. तू परत येणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तसे तू तिथे सुखी आहेस. मी येणार नाही. वॉल्टर रोज दाराशी बसतो. मी त्याला सांगितले आहे की तुझे पत्र येत नाही. वाट बघण्यापेक्षा राग धरणे त्याला सोपे जाईल. वाईट वाटून घेऊ नकोस. पलंगाचे लिहिलेस ते वाचून फार रडले.'

तो पलंग वॉल्टरचाच होता. आणि बारा वर्षं तो माणूस त्या रिकाम्या पलंगाच्या घरात राहिला होता.

ऑलवुडबाईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं, वाचलं, चष्मा पुसला. "कळवायला हवं त्यांना," त्या हळूच म्हणाल्या.

"त्यानं मला काय कळवलंय बाई?"

मी फाइल कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. राहू दे त्याला त्याचा राग. मलाही माझा होता.

जूनमध्ये त्याचं पत्र आलं. एकच पान.

'प्रिय ग्लेनिस, हे आधीच सांगायला हवं होतं. माझं लग्न झालेलं आहे. जिलियन आणि मी वर्षभर वेगळे राहत होतो, सगळं संपलंय असं मला खरंच वाटत होतं. परतलो तर ती घरी येऊन राहिली होती. सप्टेंबरमध्ये आम्हाला बाळ होईल. तुझ्याशी बोललो त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मला माफ करू नकोस, पण वाईट माणूस समजू नकोस.

ता. क. क्राइस्टचर्चहून ती फाइल आली का?'

सप्टेंबर... मी बोटांवर महिने उलटे मोजले. डिसेंबर. सात पानांचं पत्र, माझ्या पाठीचा बाक – तो डिसेंबर. मी खाली मान घालून हसायला लागले. ऑलवुडबाई घाईनं उठून आल्या. मी हसत नाहीये हे त्यांना माझ्या आधी कळलं.

"त्याचं ता. क. वाचा," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. आयुष्यभर वाचनालयात हळू बोललेल्या त्या बाईनं मग जो शब्द उच्चारला, तो मी इथं लिहू शकत नाही.

त्या आठवड्यात मी त्याला तीन पत्रं लिहिली. पहिल्यात शिव्या होत्या. दुसऱ्यात, मी अजून तुझ्यावर प्रेम करते, खुर्ची पाठवू नकोस, पण मोडूही नकोस, असं होतं. दोन्ही फाडली. तिसरं कार्यालयाच्या कागदावर टंकलं.

'श्री. थर्लो यांस, आपण मागितलेल्या फाइलच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. एबेनेझर थर्लो यांनी तिकिटे पाठवली होती. खोलीतला पलंग आपल्या पणजोबांसाठी केलेला होता. आपल्या घराण्याने चुकीच्या माणसाला दोष दिला. आपली, ग्लेनिस टॅपर, नोंदी विभाग.'

ही फाइल अडवून ठेवणं माझ्या हाती होतं. पण त्या बुडालेल्या सुतारानं माझं काही वाईट केलं नव्हतं, आणि शंभर वर्षं शिव्या खाल्ल्या होत्या. त्याच्यासाठी पाठवायचं होतं. ह्यूसाठी नाही... निदान मी स्वतःला तसं बजावलं.

पोस्टात मिस्टर बेन्यननी पाकीट तोललं. "सफोक? विमानानं ना?"

"जहाजानं," मी म्हटलं.

"अगं, तीन महिने लागतील! सप्टेंबर उजाडेल पोचायला."

"हो," मी म्हटलं. "तेव्हा त्यांच्या घरी वाचायला सगळे असतील."

त्यांनी शिक्का मारला. पाकीट मागच्या पोत्यात पडलं. बाहेर त्या वर्षीचं पहिलं कडक दंव पडलं होतं, आणि माझ्याकडे हातमोजे नव्हते. मी दोन्ही हात खिशात घालून कामावर गेले.