मागच्या टायरची जाडी

मागच्या टायरच्या खाचांची खोली २.४ मिलिमीटर होती. मी ती तीन ठिकाणी मोजली, सरासरी काढली आणि तारीख घालून वहीत लिहिली. आईच्या सायकलला तसाच टायर मिळेल का ते विचारायचं होतं, आणि दुकानदाराला "जुनाच आहे, पण फार झिजलेला नाही" असं मोघम सांगणं माझ्या स्वभावात नाही. वजनकाटे आणि मोजमापाची साधनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. लोकांची मापं खरी आहेत की नाहीत हे सांगण्याचाच मला पगार मिळतो.

सायकल जिन्याखाली उभी होती. काळी, बायकांची, खाली वाकवलेल्या दांड्याची. आईने सव्वीस वर्षं ती दवाखान्यापर्यंत चालवली. औषधं देण्याच्या खिडकीत ती बसायची. तीन वर्षांपूर्वी तिला झटका आला. तेव्हापासून आई वर पलंगावर आणि सायकल खाली. आईला बोलता येत नाही, हातपाय हलत नाहीत. "हो" म्हणायचं असेल तर ती डोळे मिटते.

सायकलचं काय करायचं ते ठरत नव्हतं. दादा दर रविवारी आईला भेटून जाताना जिन्याखाली थांबायचा.

"मोजपट्टी, किती दिवस हे भिजत घोंगडं? नवी तरी करून घे, नाहीतर भंगारात घाल."

मोजपट्टी म्हणजे मी, शाळेपासूनची.

"बघते," मी म्हणायचे.

नवी करावी, तर मुठींवर आईच्या बोटांनी पडलेले खळगे जाणार, रंगाखाली तिचे ओरखडे जाणार. न करावी, तर गंज सगळंच खाणार. मी चेनला तेवढं तेल घातलं, पेडल हाताने दोनचार वेळा फिरवलं आणि तिथेच सोडून दिलं.

दोन आठवड्यांनी दुकानदाराचा फोन आला. माप हरवलं होतं त्याच्याकडून. माझी वही वर होती, म्हणून मी खाली उभ्याउभ्याच पुन्हा मोजलं. २.१.

माझीच चूक झाली असणार, असं धरून मी मोजायचं व्हर्नियर प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. ते बिनचूक होतं. पुढच्या रविवारी १.९. टायरमध्ये हवा नव्हती. तशा टायरवर कोणी गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असतं, तरी रबर कडेने फाटलं असतं. हे मात्र मधोमध, एकसारखं झिजत होतं, भरलेल्या टायरसारखं. मग वजनकाट्यांना लावतो तशी तार मी चाकातून आणि फ्रेममधून ओवली आणि शिशाचं सील दाबलं. त्यावर माझ्या नंबरचा ठसा. आठ दिवसांनी सील जसंच्या तसं होतं.

१.७.

मी हे कोणाजवळ बोलले नाही.

त्याच महिन्यात आईचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई तिच्या पोटरीला टेप लावता लावता थांबल्या.

"दुपारचेही व्यायाम घेता का हो तुम्ही?"

"नाही. का?"

"साडेसव्वीस होती ही पोटरी. एकोणतीस भरतेय." त्यांनी टेप काढून पुन्हा लावली. "पडून राहिलेल्या माणसाची पोटरी वाळते. बावीस वर्षं हेच बघतेय मी."

"मग चांगलंच आहे ना?"

"चांगलंच आहे की," त्या म्हणाल्या. पण त्यानंतर आईशी रोजच्यासारख्या गप्पा न मारता त्यांनी पिशवी आवरली.

दादा मात्र हरखून गेला. आई उठणार, असं तो फोनवर सगळ्यांना सांगत सुटला.

मला दुसरंच काही खटकत होतं. "पाणी हवं?" म्हटलं की आई लगेच डोळे मिटायची. आता मध्ये थोडा वेळ जायचा. मी घड्याळ धरलं. चार सेकंद. पुढच्या आठवड्यात अकरा. त्याच्या पुढच्या आठवड्यात वीस. आडव्या अक्षावर टायरची झीज आणि उभ्यावर आईचे सेकंद घेऊन मी आलेख काढला. बिंदू एका रेषेत पडले. इतकी सरळ रेषा मला प्रयोगशाळेतही कधी मिळालेली नाही. कागद मी दुमडून वहीत ठेवला. तो पुन्हा उघडायची इच्छा होत नव्हती.

शेवटी टायरवर खाचाच उरल्या नाहीत, तेव्हा कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मास्तरांना घरी बोलावलं. रविवार होता, दादाही होता. मास्तर जिन्याखाली उकिडवे बसले आणि चेन बोटाने उचलून बघू लागले.

"चेन आणि सासू," ते म्हणाले, "गप्प असली की समजावं, तेलपाणी नीट चाललंय. ही बंद गाडी म्हणालात ना, ताई?"

"तीन वर्षं बंद आहे."

त्यानंतर त्यांनी विनोद केला नाही. चेन लांबली होती. पेडलची रबरं तळहातासारखी गुळगुळीत झाली होती. मागच्या टायरचं कापड दिसू लागलं होतं. मग त्यांनी ब्रेकच्या रबरांवर बोट ठेवलं.

"ही रबरं कधीची?"

"झटक्याच्या आदल्या दिवशी आईने नवी बसवून घेतली होती."

"अजून नवीच आहेत. साच्याची रेघसुद्धा घासलेली नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गाडी हजारो किलोमीटर गेलीय, ताई. पण ब्रेक एकदाही लागलेला नाही. चौकात नाही, उतारावर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, ते मला विचारू नका. टायरला आठ दिवस देतो मी. मग फुटेल."

"फुटू दे," दादा म्हणाला. "एक घाव दोन तुकडे. आई तिकडे बरी होतेय, आणि ही इथे लोखंड कुरवाळत बसलीय. भंगारवाल्याला फोन लावतो मी."

टायर फुटला, तर आई जिथे असेल तिथेच अडकेल. नवा घातला, तर आणखी पुढे जाईल. दोन्ही वाक्यं मूर्खपणाची होती. मला तिसरं सुचत नव्हतं.

"पाच मिनिटं थांब," मी दादाला म्हटलं आणि वर गेले.

पंखा चालू होता. तरी आईच्या कपाळावर घाम होता. मी खुर्ची ओढली, घड्याळ हातात घेतलं.

"आई, परत येतेस का?"

दोन मिनिटं मोजली. डोळे उघडेच राहिले.

"एकटीच आहेस?"

त्रेचाळीस सेकंदांनी डोळे मिटले. उघडले.

पुढचं मी ठरवून विचारलं नाही.

"मी येऊ?"

शब्द पुरा व्हायच्या आत तिने डोळे मिटले.

सेकंदकाटा जागचा हललाही नव्हता.

मी खाली आले. दादा फोन कानाला लावून उभा होता. मास्तर हात पुसत होते.

"काय ठरलं, ताई? रंगवायची?"

"रंग नको. मुठींना हात लावू नका. दोन्ही टायर नवे घाला, चेन नवी घाला."

दादाने फोन खाली घेतला. "अगं, पण कशाला?"

"आणि मागे कॅरिअर बसवा," मी मास्तरांना म्हटलं.

"सामानाचं?"

"माणूस बसेल असं."

"वजन किती धरू?"

"त्रेपन्न किलो," मी म्हणाले. "माझं."