चकतीवरच्या रेघा

प्रयोगशाळेतली भट्टी सांभाळायला लागून ताईला अठरा वर्षं झाली होती. धाकटी बहीण तिथे लागली ती ताईच्याच शब्दावर. आणि दीड वर्षात साहेब धाकटीचं नाव घेतल्याशिवाय चहासुद्धा पीत नव्हते. घरी आईचं सगळं कौतुक जिच्या वाट्याला गेलं, तिच्यामागून ते इथेही आलं.

काम दोघींत वाटलेलं. गार्नेट या स्फटिकाचा चुंबकीय थर चढवलेल्या चकत्यांवर धाकटी आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, मारा करी. त्याने वरचा पापुद्रा ताणला जाई आणि त्यातलं चुंबकत्व हवं तसं वळे. मग ताई चकती भट्टीत बेताने शेकून तो बदल पक्का करी. आच जास्त झाली की स्फटिक पुन्हा सावरे, बदल पुसला जाई, आणि सगळ्या मेहनतीवर पाणी.

"या चकतीवर धाकटीची बढती ठरणार," सोमवारी साहेब म्हणाले. "तुम्हाला अभिमान वाटत असेल."

"वाटणारच की," ताई हसली. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

दुपारी तिने भट्टीचा आकडा दोनशे अंशांनी वर नेला. कुणी पाहिलं नाही.

मंगळवारी धाकटी सूक्ष्मदर्शकावरून बराच वेळ मान वर करेना. "सगळं पुसलं गेलंय गं. भट्टी ठीक होती ना?"

"माझ्यावर संशय घेतेस?"

"तसं नाही. तू बघ तरी."

ताईने डोळा लावला. काळ्या-पांढऱ्या नागमोडी रेघांचं जाळं. गार्नेटमध्ये ते एरवीही दिसतंच. नवखे त्याला बोटाचा ठसा म्हणून हसतात. पण या रेघा मधोमध भोवऱ्यासारख्या फिरल्या होत्या, आणि एक तिरकी चीर त्यांना कापत गेली होती.

तशी चीर ताईच्या उजव्या अंगठ्यावर होती. भट्टीच्या दाराने दिलेली.

तिने चुंबक जवळ नेलं. रेघा आक्रसल्या, नाहीशा झाल्या. मग चुंबक हटवलं. रेघा दर वेळी नव्या वाटेने परततात, हे ती अठरा वर्षं बघत आली होती.

भोवरा परत आला. तिरकी चीरही.

तीनदा केलं. तीनदा तेच.

"अंगठाच आहे अगदी," मागून धाकटी म्हणाली. आवाजात हसू नव्हतं. पाकिटांवर शिक्के मारायची शाईची गादी तिने पुढे सरकवली. "माझा जुळवून पाहिला. माझा नाही. आता तू दे."

"वेड लागलंय का तुला?"

"दे ना, ताई."

नाही म्हणणं म्हणजे कबुलीच. ताईने अंगठा शाईवर टेकवला, कागदावर दाबला, उचलला.

काळा, गुळगुळीत लंबगोल. एकही रेघ नाही, चीरही नाही.

धाकटी त्याकडे बघत राहिली. मग तिने आपली खुर्ची ताईपासून जरा लांब ओढली.