शेजारच्याची गोष्ट

आधीच सांगतो, हे खरं आहे. मी एरवी थापा मारतो, घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच ही गोष्ट घरात कुणाला सांगता येत नाही, आणि इथे लिहावी लागते आहे.

रात्र वगैरे नव्हती. रविवारची दुपार होती. बाहेर कडक ऊन.

जागा, आइस्क्रीमचं गोदाम.

हसून घ्या. मीही हसलो असतो.

मी तिथे माल लावतो आणि माझा मोठा भाऊ, दादा, मशीन सांभाळतो. त्या दिवशी मोठ्या थंड खोलीच्या दाराचा आतून उघडायचा दांडा अडकत होता. दादा तो दुरुस्त करायला आत गेला, मी बॅटरी धरायला. फोन बाहेर टेबलावर ठेवलेले, कारण आत ते गारठून बंद पडतात. दार लागू नये म्हणून मध्ये व्हॅनिलाचा मोठा डबा ठेवला होता.

दादाने दांडा खोलून हातात घेतला.

बाहेरच्या उन्हाने व्हॅनिला मऊ पडलं. डबा चेपला आणि बाहेर सटकला.

आणि दार... लागलं.

"दादा, दांडा बसव ना परत."

"त्याचा खिळा बाहेर राहिलाय."

"मग आता?"

"आता आइस्क्रीम खा," दादा म्हणाला. त्याच्या आयुष्यातला एकमेव विनोद. तोही असा वाया गेला.

पंख्याचा गारवा अंगाला चावत होता. दादाने पक्कड घेऊन पंख्याची वायर तोडली. थंडी वाढायची थांबली.

पण दिवाही त्याच वायरवर होता.

काळाकुट्ट अंधार. माझ्या हातातल्या बॅटरीनेही जरा वेळाने मान टाकली.

मी पान्याने दार बडवायला लागलो. दादा मागे खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर बसला. त्याचे पाय बधिर झाले होते. थोड्या वेळाने त्याचं बोलणं जड व्हायला लागलं.

"झोप येतेय रे..."

थंडीत झोपलेला माणूस उठत नाही, हे त्यानेच मला कामाच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"दादा, झोपायचं नाही. मी गोष्ट सांगतो. तू हुंकार द्यायचा. लहानपणी द्यायचास तसा."

"तुझी गोष्ट? त्यापेक्षा मेलेलं बरं."

पण म्हणाला, "हं. सांग."

मी दार बडवत सुरू केलं. एक न्हावी असतो. त्याच्याकडे एक टकला रोज केस कापायला येतो.

"हं."

न्हावी म्हणतो, बाबा, कापू काय? टकला म्हणतो, उद्या घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी तो पिशवीतून केस घेऊन येतो.

"हं..."

कुणाचे केस, ते मलाही माहीत नव्हतं. मी नुसता पुढे ढकलत होतो. घसा सोलला होता, बोटं पान्याला चिकटत होती. मधेच रडू येत होतं, पण रडत रडत टकल्याची गोष्ट सांगणं फार अवघड असतं. करून बघा.

दादाचा हुंकार मात्र येत होता. तेवढ्यावर मी उभा होतो.

मग एकदा तो हसला.

मी विनोद केलाच नव्हता.

म्हटलं, थंडीने डोकं फिरलं असेल. पुढे सांगत राहिलो. त्याचा हुंकार आता माझ्या वाक्याच्या मधेच यायला लागला. चुकीच्या जागी.

दम लागला म्हणून मी थांबलो. दार बडवणंही थांबलं. पूर्ण शांतता.

मी गप्प होतो...

आणि मागून दादा म्हणाला, "मग?"

मी काही बोललोच नव्हतो हो.

"अरे बापरे," दादा म्हणाला. थोडं थांबून, अगदी लहान पोरासारखं, "मग पुढे?"

मी अंधारात चाचपडत त्याच्यापर्यंत गेलो, त्याला मिठी मारली. सगळं अंग बर्फ. गाल बर्फ. डावा कान बर्फ.

उजवा कान...

गरम होता. कुणीतरी बराच वेळ तोंड लावून बोलत असावं, तसा गरम आणि दमट.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. तेवढ्यात दार उघडलं. बाहेर वॉचमनकाका, हातात चेपलेला डबा. "हा डबा कुणी बाहेर टाकला रे?" म्हणत आत डोकावलेले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हा जागा राहिला म्हणून वाचला.

मी वहिनीकडे बघून कॉलर ताठ केली. "माझ्या गोष्टीमुळे."

दादाने डोळे उघडले. "तुझी कुठली? तुझी बंडल होती. टकला काय, पिशवी काय."

"मग?"

"तो शेजारचा सांगत होता ती."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, यांना औषध चढलंय." आणि पाणी आणायला गेली.

मला आधी राग आला. खरं सांगतो, भीतीच्या आधी राग आला. जीव काढून मी सांगितलं आणि बाजी मारली कुणी तिसऱ्यानेच.

"काय होती गोष्ट?" मी विचारलं.

दादाने सांगितली. साधी होती. ना भूत, ना मारामारी. एका घरात एक बाई असते, इतकंच. पण तो सांगत गेला आणि मी खुर्ची पुढे ओढत गेलो. केव्हा त्याचा हात धरला, कळलं नाही.

"मग?" मी म्हणालो.

"मग दार उघडलं," दादा म्हणाला. आणि रडायला लागला. "थोडक्यात राहिलं रे."

त्या गोष्टीतलं यापुढचं एक अक्षरही मी इथे लिहिणार नाही. कुणी विचारू नका.

दादा घरी आला, पण आला नाही. जेवताना मान उजवीकडे कललेली. मुलगी हाक मारते, ऐकू जात नाही. मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जातो, नवनवीन गोष्टी रचून नेतो. चोर, राजे, उडणारी म्हैस. तो ऐकून घेतो. मग पाठीवर थाप मारतो, "छान आहे." पाहुण्यांच्या पोराने कविता म्हटल्यावर मारतात, तशी.

मी आयुष्यात इतका केविलवाणा झालो नव्हतो. भावाला घरात ठेवायला माझ्याकडे फक्त गोष्टी आहेत. आणि त्या पुरत नाहीत.

इथपर्यंत आज दुपारी लिहिलं होतं. शेवट सुचत नव्हता.

तेवढ्यात वॉचमनकाकांचा फोन आला.

"तुझा दादा आलाय. थंड खोलीत जाऊन बसलाय, बराच वेळ झाला. मी दाराला हात लावला की आतून हातापाया पडतो. म्हणतो, काका, उघडू नका, आता थोडंच राहिलंय. काय करू? उघडू?"

मी "उघडा" म्हणालो. ओरडूनच म्हणालो.

पण लगेच म्हणालो नाही. त्या बाईचं पुढे काय होतं, ते मलाही हवं होतं.