चार पेडांची वेणी

ज्याला हे खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं समजावं. पण ती दुपार मी भार्गवीअक्काच्या तोंडून ऐकली आहे, आणि अक्का उगाच काहीबाही बोलणारी बाई नाही.

अक्का माझी चुलतबहीण. बिदरला बँकेत आहे. सुट्टीच्या दिवशी एक बिनपगारी काम करते. ज्या लेकरांना घर नाही, त्यांना बालकल्याण समिती काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवते. अक्का तिथं जाते, लेकराशी एकट्याशी बोलते, आणि त्याला काय हवंय ते समितीपुढं सांगते.

लेकरं सहजी बोलत नाहीत. म्हणून तिनं आपली एक रीत काढली होती. पोरीला पाठमोरी बसवायची आणि गप्पा मारत तिची वेणी घालायची. चार पेडांची, अक्काची आई घालायची तशी. तोंड भिंतीकडं असलं की पोर सगळं सांगून टाकते, असं ती म्हणायची.

त्या रीतीनंच घात केला.

गेल्या माघातली गोष्ट. गाव मन्नाएखेळ्ळी. हायवेलगत कल्लप्पाचं टायरचं दुकान, आणि मागंच घर. त्याच्या घरी दिवाळीनंतर दानेश्वरी नावाची पोर ठेवली होती. आधी एका घरानं तिला परत पाठवलेलं. आता ती इथं राहणार की पुन्हा बालगृहात जाणार, हे सोमवारी ठरायचं होतं. सगळं अक्काच्या शब्दावर. आणि अक्का तिला पहिल्यांदाच भेटणार होती.

भर दुपारी अक्का पोचली. दार उघडं, घरात चिटपाखरू नाही.

तेवढ्यात कल्लप्पाच्या बायकोचा, नागव्वाचा फोन आला.

"अक्का, गिरणीला आलेय बगा. लाईट सारकी यायलीय, जायलीय. तुमी बसा आत, आलेच."

अक्का बसली. मग हाक मारली, "दानेश्वरी?"

तिनं पुन्हा एकदा हाक मारली.

आणि आतल्या खोलीतून...

"ओ."

खोलीत अंधूक उजेड. भिंतीकडं तोंड करून एक पोरगी बसलेली. मांडीवर फणी. केस मोकळे, पार कमरेखाली.

पोर लाजरी दिसते, अक्काला वाटलं. ती मागं बसली. केस हातात घेतले.

गार होते... माठाला हात लावावा तसे गार. पण ओले नव्हते.

"जेवलीस का गं?"

"न्हाई. मला वाढत न्हाईत आता."

अक्काचा हात थांबला. "कामून?"

"ती आलीय नव्हं."

"कोण ती?"

पोरीनं मांडीवरची फणी मागं दिली.

तेव्हा अक्काच्या लक्षात आलं... हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत नव्हता. एकाही गाडीचा नाही.

तरी ती वेणी घालत राहिली. राग आला होता तिला. परक्याचं लेकरू घरी आणायचं आणि उपाशी ठेवायचं?

"मग परत जायचंय का तुला?"

"न्हाई. मी कुटंच जाणार न्हाई." जरा थांबून पोरगी म्हणाली, "तिलापन जाऊ देऊ नका."

वेणी झाली. फणीत अडकलेले केस अक्कानं सवयीनं बोटाला गुंडाळले. तोच बाहेर नागव्वाचा आवाज आला. अक्का तरातरा उठली. आज या बाईला चांगलीच फैलावर घ्यायची.

नागव्वा ओसरीवर पिठाचा डबा उतरवत होती. तिचा पदर धरून एक पोरगी उभी होती. डोक्यावर पोरासारखे बारीक केस.

"ही बगा आमची दानेश्वरी. गिरणीला यायचंच म्हणून मागं लागली."

अक्का त्या बारीक केसांकडं बघतच राहिली.

उवा होतात म्हणून बालगृहात पोरींचे केस बारीक कापतात. हे अक्कापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? पण ते कमरेखालचे केस विंचरताना एवढी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती.

"नागव्वा... आत कोण आहे?"

"आत? आत कोन असंल?"

खोली रिकामी होती. जमिनीवर फक्त फणी. ती उचलताच नागव्वाचा चेहरा उतरला.

"ही कुनी काढली? ही माज्या मल्लेश्वरीची. पेटीत ठेवल्ती मी."

मल्लेश्वरी त्यांची एकुलती एक लेक. दोन वर्षांमागं तापानं गेली. दानेश्वरीच्याच वयाची होती.

अक्कानं आपल्या बोटाकडं बघितलं. केस अजून गुंडाळलेलेच होते.

तिनं दानेश्वरीला दुकानाच्या बाजूला नेलं. या वेळी समोर बसवलं, तोंड दिसेल असं.

"इथं राहायचंय, की परत जायचंय?"

पोर घराकडं बघत हळूच म्हणाली, "ऱ्हाते. माज्या ताटातलं अर्दं मी तिला ठेवते. मी गेल्यावर कोन दील?"

"ती... त्रास देते तुला?"

"न्हाई. तुजे केस कवा वाढतील, एवडंच इचारती."

सोमवारी अक्का समितीपुढं एकच वाक्य बोलली. मुलीला तिथंच राहायचंय. ते खरंच होतं. नागव्वा पोरीवर जीव टाकते, पोर अंगानं भरली आहे, हेही खरं. बाकीचं सांगणार तरी कोणाला?

परवा नागव्वाचा फोन आला. लई खुशीत होती.

"पोरीचे केस एवड्यातच खांद्याखाली आलेत बगा. रोज सकाळी आतनं वेणी घालूनच बाहेर येती. चार पेडांची! मला तर तीनचीच जमती. तुमीच शिकवली आसंल."

अक्कानं दानेश्वरीच्या केसांना आजवर कधी हात लावलेला नाही. त्या घरात तिनं एकच वेणी घातली होती, त्या दुपारी.

पुढच्या महिन्यात समिती पुन्हा विचारणार आहे. अक्काचं कशातच लक्ष लागत नाही. पोरीला तिथून काढावं, तर एवढं एकच मिळालेलं घर जाईल, आणि ती दुसरी पुन्हा उपाशी राहील, असं म्हणते. "आणि नाही काढलं, तर..."

पुढचं तिनं मला अजून सांगितलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारत नाही.